गावाचा पाण्याचा ताळेबंद: मॉडेलपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे आपला पोकरा, 2018 मध्ये सुरू झाला. पैसा जागतिक बँक आणि राज्य सरकारचा, अंमलबजावणी कृषी विभागाची, पाण्याचं गणित आयआयटी मुंबईचं. पाऊस लहरी झालाय हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. त्या लहरीत आपल्या शिवाराला नेमकं कधी आणि किती पाणी कमी पडतं, हे मात्र मोजल्याशिवाय कळत नाही. ग्राम कृषी संजीवनी समितीसोबत (प्रकल्पाची गावातली समिती) पाण्याचा ताळेबंद, म्हणजे जमा-खर्चाचा हिशोब, मांडताना काय जमलं आणि गाडी कुठे अडते, ते इथे लिहितोय. पोकरात नसलेल्या गावांनाही हेच गणित लागू पडतं.

पूर्वीच्या पद्धतीत वर्षाचा पाऊस घ्यायचा, स्ट्रेंजच्या जुन्या तयार तक्त्यावरून अपधाव, म्हणजे वाहून जाणारं पाणी, काढायचा, त्यातून अडवलेलं पाणी वजा करायचं की झालं. 1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 घनमीटर. 1,000 हेक्टरच्या गावात 700 मिमी पडला तर 70 लाख घनमीटर, म्हणजे 7,000 टीसीएम (1 टीसीएम म्हणजे हजार घनमीटर). आकडा एवढा मोठा दिसतो की कुठलंही गाव कागदावर पाणीदार ठरावं. आयआयटीचं मॉडेल, म्हणजे क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधलं प्लगइन, वर्षाऐवजी दिवसाचा हिशोब करतं. रोजचा पाऊस, मातीचा पोत आणि खोली, उतार, जमिनीचा वापर आणि पीक एवढं दिलं की त्या दिवशी किती वाहून गेलं, किती मातीत राहिलं, पिकाने किती उचललं आणि भूजलाला किती मिळालं, हे ते सांगतं. पिकाला हवं होतं पण मिळालं नाही, तेवढी तूट वेगळी निघते. आपल्या कामाचा आकडा तोच.

या सगळ्यात सर्वात जास्त फरक पाडते ती मातीची खोली. भारी काळ्या मातीत मीटरभर खोलीला साधारण 150 मिमी पाणी पिकाला वापरता येईल असं राहतं. माथ्याकडच्या 30 सेंटिमीटर जमिनीत तेच 45 मिमी. फुलोऱ्यातलं सोयाबीन उघडिपीत दिवसाला 4 ते 5 मिमी पाणी उचलतं. म्हणजे पावसाचा खंड पडला की माथ्यावरचं पीक आठवड्याभरात माना टाकतं आणि दहाव्या दिवशी माती रिकामी. पायथ्याचं त्याच गावातलं पीक त्यानंतरही तग धरून. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. अशा महिन्यात गावाची सरासरी तूट सांगणं म्हणजे कुणालाच काही न सांगणं. नकाशातली खोली ढोबळ असते, म्हणून शिवार फेरीत माथा, मध्य आणि पायथा अशा तिन्ही ठिकाणी नव्या विहिरीची, शेततळ्याची किंवा नाल्याची कापलेली बाजू बघून काळी माती कुठे संपते आणि मुरूम कुठे लागतो ते टेपने मोजावं. फेरीतल्या म्हाताऱ्या माणसांना गटनिहाय हलकी-भारी तोंडपाठ असते. ते नकाशावर रंगवून घ्यावं आणि मॉडेलमध्ये तेच भरावं.

पावसाची आकडेवारी महावेधच्या, म्हणजे राज्याच्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या जाळ्यातल्या, महसूल मंडळातल्या केंद्रावरून येते. केंद्र 10 किलोमीटरवर असलं तर वळवाच्या आणि परतीच्या पावसात तिचा आपल्याशी संबंध राहील याची खात्री नाही. शिवाय स्वयंचलित मापकाच्या नरसाळ्यात पाला किंवा पक्ष्यांची घाण अडकली की धो-धो पावसातही शून्य नोंद होते. शेजारच्या दोन मंडळांत 40 मिमी आणि आपल्याकडे शून्य दिसलं, तर तो दिवस तपासल्याशिवाय भरू नये. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत साधं पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला वाचन घेणं हा खरा उपाय. झाड आणि इमारतीपासून लांब, तारीख वाचनाच्या दिवसाची. एवढ्या दोन गोष्टी पाळल्या तरी पुरे.

विहिरींचं काम वेळखाऊ, पण मॉडेलला लगाम घालतं तेच. मेअखेर आणि पावसाळा संपल्यावर त्याच विहिरी, तीच खूण. मोटर किमान रात्रभर बंद हवी. उपसा चालू असताना घेतलेली पातळी ही विहिरीची असते, भूजलाची नव्हे. टेपच्या टोकाला वजन बांधावं, शेवटच्या मीटरला खडू फासावा. ओला झालेला खडू नेमकी पातळी दाखवतो. मोजमाप कठड्यावरून घेतलं तर कठड्याची उंची वजा करायची. मे महिन्यात एकाने कठड्यावरून मोजलं आणि ऑक्टोबरमध्ये दुसऱ्याने जमिनीवरून, तर पाऊण मीटर पाणी हवेतून तयार होतं. म्हणून कठड्यावर ऑइलपेंटने खूण करून उंची तिथेच लिहून ठेवावी.

आता गुणाकार. 600 हेक्टरवर पातळी सरासरी 4 मीटर वाढली आणि खडकाचा विशिष्ट जलउतारा (खडकाच्या आकारमानापैकी किती टक्के पाणी तो सोडतो) 2 टक्के धरला, तर भूजलात 480 टीसीएम भर पडली. झिजलेल्या बेसाल्टला हा उतारा 1 ते 3 टक्के धरतात. 1 धरला तर 240, 3 धरला तर 720! सगळ्या ताळेबंदातली सर्वात मोठी अनिश्चितता या एका आकड्यात आहे आणि त्यावर सभेत चर्चा जवळजवळ कधीच होत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून आपल्या पाणलोटाचा उतारा मागावा. मिळाला नाही तर कमी बाजूचा धरावा. खरिपात झालेला उपसा या भरीत वेगळा मिळवावा लागतो, तोही बहुतेक वेळा राहून जातो.

बांध-बंधाऱ्यांची साठवण कामाच्या अंदाजपत्रकातून उचलू नये. गाळ भरलेला सिमेंट नालाबांध कागदावर पूर्ण क्षमतेचाच असतो. पावसाळ्यात तो किती वेळा भरतो हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारावं, नियमावलीला नाही. शेततळ्यांबाबत तर माझं मत ठाम आहे. 30 × 30 × 3 मीटरचं, 1:1 उताराचं शेततळं 2,196 घनमीटरचं. अस्तरीकरण केलेलं शेततळं अपधावाने भरत असेल तर ते जमेत धरा. बोअर-विहिरीतून भरत असेल तर ते पाणी भूजलात आधीच मोजलेलं आहे. पुन्हा मोजणं म्हणजे एकच नोट दोन खिशांत दाखवणं. वर उन्हाळ्यात त्यातून बाष्पीभवन होतं ते वेगळंच.

मागणीच्या बाजूला पीकपेरा ई-पीक पाहणीतून, म्हणजे मोबाइलवर होणाऱ्या पीक नोंदीतून, मिळतो. सोयाबीन-तुरीचं आंतरपीक नुसतं सोयाबीन म्हणून नोंदलं गेलं, तर तुरीची ऑक्टोबरनंतरची तहान हिशोबातून गळते. नेमका तेव्हाच पाऊस नसतो. फळबाग उन्हाळ्यातही पितेच, पिण्याचं पाणी आणि जनावरं आधी बाजूला काढायची.

मग खंडाचं नियोजन. इथे साठ्यापेक्षा उपशाचा वेग आडवा येतो. 50 मिमीचं एक संरक्षित पाणी, म्हणजे खंडात पीक वाचवायला दिलेलं पाणी, म्हटलं तर एकराला 200 घनमीटर. सेकंदाला 5 लिटर देणाऱ्या पंपाला त्यासाठी 11 तास लागतात आणि शेतीची वीज साधारण 8 तास. विहिरीचा झिरपा कमी असेल तर त्याहून जास्त दिवस. विहिरीत पाणी असूनही पाच एकरवाल्याचं शेवटचं एकर वाळतं ते यामुळे. म्हणून हलक्या जमिनीच्या पट्ट्यात खंडाच्या पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी सुरू व्हायला हवं. मंगळवार-शुक्रवारचा हवामान विभागाचा कृषी सल्ला बघून पाऊस दिसत नसेल तर त्याच दिवशी तुषार संच हलवावा. माथ्यावर रुंद वरंबा सरी, कमी मुदतीचं वाण आणि बांधबंदिस्तीचा निधी आधी, हे मॉडेलच्या तुटीच्या नकाशावरून सभेत पटवता येतं. नुसत्या सल्ल्याने पटत नाही.

ताळेबंद एका सरासरी वर्षावर मांडू नये. मागच्या काही वर्षांपैकी एक ओलं, एक बरं आणि 2018 सारखं एक दुष्काळी अशी तिन्ही चालवावीत. ओल्या वर्षातही ऑगस्टमधली तूट दिसते तेव्हा सभेतला आवाज बदलतो.

ऑक्टोबरच्या वाचनानंतर लगेच ग्रामसभा घ्यावी, हरभऱ्याच्या पेरणीआधी. नंतरची सभा नुसती हजेरीची. गव्हाला साधारण 400 मिमी लागतं, हरभरा त्याच्या निम्म्यात येतो. भूजलात खरंच 300 टीसीएम उरलं असेल आणि पिण्यासाठी, जनावरांसाठी नि बागांसाठी 140 बाजूला काढलं, तर 160 टीसीएममध्ये 40 हेक्टर गहू किंवा 80 हेक्टर हरभरा. फळ्यावर हे दोनच आकडे लिहावेत. कुणी किती गहू घ्यायचा यावर वाद होतो, होऊ द्यावा, आणि जे ठरेल ते गटक्रमांकासह इतिवृत्तात लिहून समूह सहाय्यकाची (प्रकल्पाचा गावात काम करणारा माणूस) सही घ्यावी. मेअखेरच्या पातळीशी ताडून बघायला तेच कागद लागतात.