9 वर्षं आणि 265 वर्षं

27 एप्रिल 2014. पहाटे साडेचारला खोलीतला फोन खणखणला. आमच्या बसचा इटालियन ड्रायव्हर होता. ‘आज सेंट पीटर्स विसर,’ एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

टूर लीडर म्हणून युरोपातलं माझं ते तिसरं वर्ष. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या रविवारी सकाळी व्हॅटिकन छापलेलं होतं. त्याच सकाळी तिथे जॉन तेविसावे आणि जॉन पॉल दुसरे या दोन पोपना संत घोषित करणार होते. ही तारीख जवळजवळ सात महिने आधी जाहीर झालेली, पण ऑफिसात कुणी पाहिली नव्हती. मी तरी कुठे पाहिली होती? टीव्ही लावला तर सेंट पीटर्स चौकाकडे जाणारे रस्ते रात्रभर उघड्यावर झोपलेल्या माणसांनी भरलेले. जिकडे तिकडे जॉन पॉल यांच्या पोलंडचे लाल-पांढरे झेंडे.

नाश्त्याला 36 जणांसमोर उभं राहून ही बातमी सांगणं म्हणजे काय, ते हा धंदा केलेल्यालाच कळेल. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी लगेच पैसे परत मागितले. ग्रुपमध्ये वसईचं एक कॅथलिक कुटुंब होतं : निवृत्त मास्तर, त्यांच्या पत्नी आणि नर्स असलेली सून. मला वाटलं, आता ही मंडळी रडणार. पण बाई हरखूनच गेल्या. ‘आजच? अहो, मी जॉन पॉलना शिवाजी पार्कला पाहिलंय, 1986 साली. मुलाला खांद्यावर घेऊन उभी होते.’ तारीख त्यांनाही माहीत नव्हती. तीर्थयात्रा नव्हे, साधी सहल म्हणून आले होते ते.

रोममधल्या पियात्झा नवोना या चौकात मोठा पडदा लावलाय, असं ड्रायव्हरकडून कळलं. तिथे जायचं ठरलं. बसला शहरात पुढे जाऊ देत नव्हते, तेव्हा उरलेलं अंतर पायी. वाद पेटला तो त्या चालण्यात.

सुरुवात बँकवाल्या साहेबांनी केली. ‘संत व्हायला काय लागतं हो मास्तर?’ मास्तरांनी वर्गात शिकवावं तसं सांगितलं. एरवी मृत्यूनंतर निदान पाच वर्षं थांबायचं, मग प्रकरण उघडायचं. जॉन पॉल गेले 2 एप्रिल 2005ला. अंत्यविधीला लोक ‘सांतो सुबितो’, म्हणजे आत्ताच संत करा, असे फलक घेऊन उभे होते. नव्या पोपनी, बेनेडिक्टनी, ती पाच वर्षांची अट माफ केली. मग त्यांच्या नावाने केलेल्या प्रार्थनेमुळे घडलेले चमत्कार दाखवावे लागतात. पहिला एका फ्रेंच ननचा, तिचा पार्किन्सन्स बरा झाला. दुसरा कोस्टा रिकातल्या एका बाईंचा, त्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. डॉक्टरांना चमत्कार झाला का असं विचारतच नाहीत, वैद्यकशास्त्रात याचं उत्तर आहे का, एवढंच विचारतात.

‘आणि विरोधात बोलायला कोणी?’

‘पूर्वी असायचा. सैतानाचा वकील म्हणायचे त्याला. उमेदवाराचे दोष शोधणं हेच त्याचं काम. 1983 साली खुद्द जॉन पॉलनीच नियम बदलले आणि त्या पदाची धार गेली.’

‘म्हणजे इंटर्नल ऑडिटच बंद केलं!’ साहेब खूश झाले. रिफंडचा विषय त्यानंतर निघाला नाही.

सून इतका वेळ गप्प होती. आता म्हणाली, ‘चमत्काराबद्दल माझं काही म्हणणं नाही. न समजणाऱ्या केसेस आम्ही वॉर्डात पाहतोच. पण मासिएलचं काय?’ मला हे नावच माहीत नव्हतं. मेक्सिकोचा धर्मगुरू, एका मोठ्या संघाचा संस्थापक. त्याने मुलांवर अत्याचार केल्याची तक्रार त्याच्याच जुन्या विद्यार्थ्यांनी 1998 साली व्हॅटिकनमध्ये दाखल केली होती. तरी 2004 साली जॉन पॉलनी त्याचं जाहीर कौतुक केलं. त्याला बाजूला केलं ते बेनेडिक्टनी, 2006 साली.

‘माणूस चुकतो,’ सासूबाई म्हणाल्या. ‘गोळ्या घालणाऱ्याला तुरुंगात जाऊन क्षमा केली त्यांनी.’

‘त्यांना स्वतःला लागली होती गोळी, आई. क्षमा करणं त्यांच्या हातात होतं. त्या मुलांच्या वतीने कोण करणार?’

अशा वेळी टूर लीडरने हवामानावर बोलावं. आभाळ भरून आलं होतंच, मी तेच केलं. मास्तर मात्र वेगळ्याच रागात होते. ‘आमचा गोन्सालो गार्सिया वसईचा. 1597 साली नागासाकीला क्रुसावर मेला. संत कधी झाला? 1862ला. 265 वर्षं! आणि इथे नऊ वर्षांत काम झालं. पोपची वशिलेबाजी पोपकडेच.’ बायकोने डोळे वटारले, तसे ते गप्प झाले.

चौकात आम्हाला बेर्निनीच्या कारंज्याच्या कठड्यापाशी कशीबशी जागा मिळाली. पडद्यावर तेव्हाचे पोप फ्रान्सिसनी निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या बेनेडिक्टना मिठी मारली, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. संत घोषित करणारं लॅटिनमधलं वाक्य संपलं आणि शेजारचा अख्खा पोलिश घोळका गुडघ्यांवर आला. त्यातला एक धिप्पाड तरुण लहान मुलासारखा रडत होता. सासूबाईंनाही गुडघे टेकायचे होते, पण संधिवात. सुनेने आपलं जॅकेट घडी करून दगडावर ठेवलं, त्यांना काखेत धरून खाली बसवलं आणि मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, संपेपर्यंत तशीच धरून उभी राहिली. टाळी तिने एकदाही वाजवली नाही. माझ्या ग्रुपचा त्या दिवसाचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही, कारण मी या दोघींकडेच बघत होतो.

परतीच्या मोजणीत 35 भरले. बँकवाले साहेब आइस्क्रीमच्या रांगेत सापडले.

नोव्हेंबर 2020मध्ये व्हॅटिकनने अमेरिकेतल्या मॅकेरिक या माजी कार्डिनलवरचा अहवाल काढला, साडेचारशे पानांच्या आसपासचा. त्याच्या लैंगिक गैरवर्तनाचे इशारे मिळूनही जॉन पॉलनी 2000 साली त्याला वॉशिंग्टनचा आर्चबिशप नेमलं होतं, हे त्यात सविस्तर आलं. दोन दिवसांनी वसईहून सुनेचा मेसेज आला. तोपर्यंत आमचा संबंध नाताळच्या शुभेच्छांपुरता उरला होता. तिने लिहिलं होतं : ‘पप्पांना वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, उशीर झाला म्हणून गोन्सालोचं काय बिघडलं?’