मागचं चाक उचलून नेलेली सायकल

लेकाची सायकल कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासच्या दारातून चोरीला गेली, तेव्हा तिघांनी काही ना काही बघितलं होतं. पण तिघांपैकी कुणालाच ती चोरी वाटली नाही.

जूनमधली संध्याकाळ होती, पाऊस लागून राहिला होता. साडेसातला क्लास सुटला, पोरगं खाली आलं, तर जिन्याखालच्या पंधरा-वीस सायकलींत त्याचीच नव्हती. गियरची, करड्या रंगाची, दहावीत गेला म्हणून आदल्या वर्षी साडेअकरा हजाराला घेतलेली. कुलूप होतं, पण मागच्या चाकाचं ते नेहमीचं गोल कुलूप. त्यानं चाक फिरायचं थांबतं, सायकल जायची थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या गल्लीत दारोदार विचारत फिरले. कोपऱ्यावरचे चहावाले मामा म्हणाले, "वहिनी, मागचं चाक उचलून ढकलत चाललं होतं की एक पोरगं. मला वाटलं किल्ली हरवली असंल त्याची." झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलीनं सांगितलं, तोच मुलगा आधी दोन-तीन सायकलींवर बसून उठला होता, वाकून कुलपं हलवून बघत होता. मुलीला न्यायला आलेल्या एका बाईंना आठवलं, की समोर एकजण मोटरसायकल चालू ठेवून दहा मिनिटं नुसताच थांबला होता, कुणाला घेतलं नाही, कुणाला सोडलं नाही. एकेकानं एकेक तुकडा बघितला आणि आपल्यापाशीच ठेवला. त्या दिवशी मी तिथं असते तर मीही गप्पच बसले असते, हे मला फार लागलं.

मग पोलीस ठाणं. तिथला अनुभव सविस्तर सांगते, कारण बहुतेक लोक इथूनच परत फिरतात. पहिल्या दिवशी मला सांगण्यात आलं, "सायकल गहाळ झाल्याचा अर्ज द्या, शिक्का मारून देतो." हा 'गहाळ' शब्द नीट ऐका. गहाळ म्हणजे तुमच्याकडून हरवली. त्यावर गुन्हा दाखल होत नाही आणि गुन्हा नाही म्हटल्यावर तपासही नाही. मी कागदावर 'चोरीस गेली' असंच लिहिलं आणि कोणी काय बघितलं तेही वेळेसकट खाली मांडलं.

दुसरा अडथळा किमतीचा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरीचं कलम 303(2). पण चोरलेल्या वस्तूची किंमत 5,000 रुपयांच्या आत असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरतात, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. "जुन्या सायकलीचे कितीसे येणार?" असं मला विचारलं गेलं. म्हणून बिल लागतंच. घरी येऊन शोधलं तर बिलाची शाई पार उडालेली, नुसता पांढरा कागद. दुकानदार भला माणूस, त्यानं संगणकातून परत काढून दिलं. सोबत वॉरंटी कार्डावरचा फ्रेम नंबरही उतरवून दिला.

तो नंबर नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. सायकलीला आरसी नाही, नंबर प्लेट नाही. फ्रेमवर ठोकलेला नंबर हीच तिची ओळख. बहुतेक सायकलींना तो पायडलचा दांडा जिथून जातो त्या नळीच्या खाली असतो. सायकल उलटी केली, चिखल पुसला की दिसतो.

तिसऱ्या खेपेला ठाणे अंमलदारांनी सगळे कागद बघून गुन्हा नोंदवून घेतला. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती मागून घेतली. नोंदवून घेतलाच नसता तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टानं पाठवायची तरतूद आहे. ते पत्र मी लिहून तयार ठेवलं होतं, पण गरज पडली नाही.

त्यानंतर मी सायकलीचा फोटो, फ्रेम नंबर आणि माझा फोन अशी चिठ्ठी करून मंगळवार पेठ, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी असं फिरत दिसेल त्या सायकल दुरुस्तीवाल्याला दिली. सात आठवड्यांनी त्यातल्या एका मेस्त्रींचा फोन आला. एकजण फोडलेलं गोल कुलूप काढून टाकायला सायकल घेऊन आला होता. मेस्त्रींनी ब्रेक बघायच्या निमित्तानं ती उलटी केली आणि नंबर वाचला. "उद्या या, पार्ट आणावा लागंल," म्हणून त्याला लावून दिलं, सायकल ठेवून घेतली. मी धावत तिकडं गेले नाही. तपासी हवालदारांना फोन लावला, ते गेले, पंचनामा झाला. आणणारा म्हणे कुणाकडून तरी दीड हजाराला विकत घेतलेली. पुढचा तपास पोलिसांचा. सायकल मुद्देमालात जमा झाली. ती परत मिळायला कोर्टात अर्ज, बिल, मग सुपूर्तनामा, म्हणजे वस्तू ताब्यात घेताना द्यायचं हमीपत्र. खटला संपेपर्यंत विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावलं की हजर करायची, असं लिहून दिलं. हातात आली तेव्हा घंटी नव्हती आणि सीट पार खाली दाबलेली.

मधल्या काळात आम्ही चार पालक क्लासच्या सरांना भेटलो. उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी पाइप वाकवून घेतले आणि जिन्याखाली काँक्रीटमध्ये पक्के बसवले. आता प्रत्येक पोराकडं जाड साखळी किंवा यू-लॉक असतं. ते फ्रेम, मागचं चाक आणि पाइप अशा तिन्हींतून जातं, आणि कुलूप जमिनीला टेकू द्यायचं नाही, कारण खाली दगड-फरशीचा आधार मिळाला की घाव घालून तोडायला सोपं जातं. बारीक तारेचं कुलूप साध्या कटरनं तुटतं, त्यावर भरवसा ठेवू नका.

पण माझं खरं मागणं कुलपाचं नाही, नजरेचं आहे. मालक आला की थेट आपल्या सायकलीकडं जातो आणि किल्ली काढतो. ज्याचा डाव वेगळा, तो कुलपं बघतो, मग माणसं बघतो, परत कुलपं बघतो. पुढं जातो आणि त्याच वाटेनं परत येतो. सीट त्याच्या उंचीला जुळत नाही. कपडे आणि तोंड बघून कुणावर संशय घेऊ नका, गरिबाच्या पोराची स्वतःची सायकल असते. हात काय करतायत ते बघा. आणि मोठ्यानं, नीट शब्दांत विचारा. अंगावर जाऊ नका, झटापट करू नका. गाडीचा नंबर लक्षात ठेवा आणि 112 ला फोन लावा.

मी आता विचारते. क्लासखाली एकदा एकजण तसाच कुलपं हलवत होता. "कुणाला शोधतोयस रे बाळा?" म्हटल्यावर "मित्राला" म्हणाला आणि बाहेर थांबलेल्या मोटरसायकलवर बसून गेला. नंबर मी ठाण्यात कळवला.

गेल्या महिन्यात रंकाळ्यावर सकाळी फिरायला गेले होते. पदपथाच्या कडेला एक मुलगा सायकलीचं कुलूप जोरजोरात ओढत होता. पोटात धस्स झालं, तरी विचारलं, "तुझीच काय रे?"

"माझीच की काकू. पावसानं गंजलंय, किल्ली फिरंना." त्यानं मोबाइलमधला सायकलीबरोबरचा स्वतःचा फोटो दाखवला. राग मानला नाही. उलट म्हणाला, "बरं झालं विचारलंसा. आजवर कुणी विचारलं न्हाई."

मी त्याला फ्रेम नंबर माहीत आहे का विचारलं. नव्हता. कुलूप निघाल्यावर आम्ही दोघांनी सायकल उलटी केली, त्यानं रुमालानं चिखल पुसला, मी मोबाइलची बॅटरी धरली. एकेक आकडा मोठ्यानं वाचत त्यानं फोटो काढला आणि तिथंच उभ्या उभ्या घरच्या ग्रुपवर टाकला.