लास्ट टेन सेकंद्स!

आमच्या ग्रुप फिटनेस क्लासचा कोच साताऱ्याकडचा. समोर उभे असलेले बहुतेक सगळे सिंहगड रोडच्या आजूबाजूचे. तरी सकाळी साडेसहा ते सव्वासात या वेळात हॉलमध्ये मराठी औषधालाही सापडत नाही. गाणी पंजाबी आणि आरोळ्या ‘चलो गाइज, लास्ट टेन सेकंद्स, डोन्ट गिव्ह अप!’ अशा. क्लास संपून पंखे सुरू झाले की तोच मुलगा माझ्याजवळ येऊन विचारतो, “काकू, गुडघा कसा हाय आता?”

हे शेवटचे दहा सेकंद मोठे अजब असतात. घरी यूट्यूब लावून चटई अंथरली, की तिसऱ्याच मिनिटाला मला कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात कमालीचा रस वाटू लागतो. इथे मात्र शेजारचे बँकेतून रिटायर झालेले काका लाल होऊन, दातओठ खात बैठका मारत असतात, पलीकडे आयटीतली मुलगी रडकुंडीला आलेली असते आणि आपण थांबायचं कसं? निव्वळ लाजेखातर दहा सेकंद निघतात. फी भरतो ती या लाजेची, असं माझं मत झालं आहे. आणि दोन दिवस दांडी मारली की व्हॉट्सॲप ग्रुपवर “दिसला नाहीत?” असं विचारतात, त्याची. व्यायाम फुकटच असतो.

आमच्या या पंथाचं मूळपीठ म्हणजे क्रॉसफिट ही व्यायामपद्धत. ग्रेग ग्लासमन नावाच्या माणसाने 2000 साली कॅलिफोर्नियात ते सुरू केलं. साधी शेडवजा जागा, भिंतीवर एक फळा, फळ्यावर त्या दिवसाचा व्यायाम आणि त्यापुढे प्रत्येकाचं नाव आणि वेळ. काही ठरावीक व्यायामांना नावं बायकांची, अमेरिकेत पूर्वी वादळांना देत तशी. त्यांतली ‘फ्रॅन’ सर्वांत प्रसिद्ध. पुरुषांसाठी सुमारे 43 किलोचा बार घेऊन बैठक मारायची, उठता उठता तो डोक्यावर न्यायचा, मग पुल-अप्स. आधी दोन्ही 21 वेळा, मग 15, मग 9. पट्टीचे लोक तीन मिनिटांच्या आत संपवतात आणि मग जमिनीवर आडवे होतात. आडवं होण्याचा फोटो काढण्याची प्रथाही तिथलीच असावी, कारण आमच्याकडे ती फार निष्ठेने पाळली जाते.

ग्लासमनने 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसाच्या हातून झालेल्या हत्येनंतर एक अश्लाघ्य ट्वीट केलं. रीबॉक या बुटांच्या कंपनीने संबंध तोडले, कित्येक जिमनी पाटीवरचं क्रॉसफिटचं नाव पुसलं, त्याला कंपनी विकावी लागली. पाट्या बदलल्या, तरी फळ्यावरची ‘फ्रॅन’ काही हलली नाही.

व्यायामप्रकारांच्या कुळकथाही ऐकण्यासारख्या आहेत. बर्पी, म्हणजे खाली वाका, पाय मागे फेका, परत आत घ्या, उभे राहा, हा प्रकार रॉयल बर्पी नावाच्या अमेरिकन संशोधकाने 1930 च्या दशकात माणसाची तंदुरुस्ती तपासण्यासाठी काढला. चार करायच्या आणि आधीची-नंतरची नाडी बघायची, बस्स. आम्ही पन्नास करतो. ताप बघायला दिलेला थर्मामीटर दिवसभर तोंडात धरून बसावं, तसं हे आहे. टबाटाचंही तेच. इझुमी टबाटा या जपानी शास्त्रज्ञाचा 1996 चा प्रयोग: सायकलवर वीस सेकंद जीव तोडून, दहा सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या. शेवटी पुढची फेरी मारताच येऊ नये, इतकी ती दमछाक. आमच्याकडे ‘आज टबाटा’ असतो, त्या दिवशी मधल्या दहा सेकंदांत कामवाल्या बाईंच्या सुट्टीवर दोन वाक्यं बोलून होतात. याला टबाटा म्हणावं का, हे त्या प्राध्यापकांनीच सांगावं.

पण गंमत एका जागी संपते. सवय नसलेल्या स्नायूंना एका दमात फार ताणलं तर ते फुटू लागतात, त्यांतला मालमसाला रक्तात उतरतो, लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंडावर बेततं. याला रॅब्डो म्हणतात. क्रॉसफिटवाल्यांनी एके काळी त्याचं विदूषकाचं कार्टून केलं होतं, डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला ‘अंकल रॅब्डो’. मला या विनोदावर कधी हसू आलं नाही. क्रॉसफिटचं पहिल्या पायरीचं प्रशिक्षकपद दोन दिवसांचा कोर्स आणि एक परीक्षा देऊन मिळतं, हे कळल्यावर तर मुळीच नाही.

माझं माहेर कोल्हापूरचं. तिथे पेठेपेठेला तालीम. नवं पोर आलं की वस्ताद त्याला आधी आखाडा खणायला लावायचे. हळद, ताक, तेल, लिंबू घातलेली ती तांबडी माती उकरता उकरताच पोराची पाठ आणि खांदे कसे आहेत, हे वस्तादांना कळायचं. जोर-बैठका मग. आमच्याकडे ट्रायल क्लास फुकट असतो आणि पहिल्याच दिवशी हातात केटलबेल, म्हणजे मुठीचं लोखंडी वजन, येते. तालीम चांगली होती, असा उसासा मात्र मी टाकणार नाही. तिच्या दारातून आम्ही मुली फक्त आत डोकवायचो, तेही कोणी बघत नाही ना हे पाहून. इथे माझ्या रांगेत एक आजी आहेत, सलवार-कमीजवर बूट घालून येतात आणि प्लँकमध्ये सगळ्यांना हरवतात.

म्हणून कोणी “तुमच्याकडे लावू का?” असं विचारलं, तर मी एसी, शॉवर, ॲप यांबद्दल काही सांगत नाही. ट्रायलला मागच्या रांगेत उभे राहा, म्हणते. बैठक मारताना मुद्दाम चूक करा, गुडघे आत पडू द्या. वजन न घेता, हं. कोच किती बैठकांनंतर तुमच्यापाशी येतो, ते मोजा. पाचपर्यंत आला नाही तर बाटली उचला आणि घरी जा. आमचा तिसरीला येतो, खांद्यावर हात ठेवून थांबवतो आणि सगळा क्लास पुढे धावत असताना एकट्याला हळूहळू बैठक शिकवतो. फक्त जानेवारीत जाऊ नका. तेव्हा नव्या भरतीची इतकी गर्दी असते, की तोही आठव्या-नवव्या बैठकीशिवाय पोचत नाही.