‘टिटवी’ची नोंद : इंजिन का तापत होतं, ते सापडलं

सापडलं! ‘टिटवी’ या माझ्या जुन्या शिडाच्या बोटीचं इंजिन तापवून अख्खा हंगाम ज्याने खाल्ला तो दोष आत्ता टेबलावर माझ्यासमोर पडलाय. दीड हात लांबीचा काळा रबरी पाइप, उभा चिरून दोन फाका केलेला. बाहेरून धडधाकट, कुठे भेग नाही, फुगवटा नाही. आतलं अस्तर मात्र एका बाजूने सुटून जिभेसारखं लोंबतंय.

मागच्या नोंदीत मी एल्बो (एक्झॉस्टमध्ये पाणी जिथे मिसळतं तो वाकडा नळ) काढण्यापर्यंत आलो होतो, तिथूनच पुढे सांगतो. लक्षण तेच होतं. दोन हजार आरपीएमखाली माझं इंजिन (यानमार २जीएम२०, दोन सिलिंडरचं डिझेल) दिवसभर चालवा, तक्रार नाही. तेवीसशेच्या वर गेलं की दहा-पंधरा मिनिटांत अलार्म. वेग कमी केला की पुन्हा शहाण्यासारखं गार. शिडाच्या बोटीला इंजिनाचं एवढं कौतुक कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी उधाणाच्या ओहोटीला करंजाच्या तोंडातून आत रेवसकडे येऊन पाहावं. संध्याकाळी वारा पडलेला, धरमतरचं सगळं पाणी समोरून अंगावर येतंय, आणि इंजिन दोन हजारांच्या वर न्यायची सोय नाही. अशा वेळी नांगर टाकून भरतीची वाट पाहणं एवढंच उरतं. मी ती पाहिली आहे, न्हावाशेवा बंदराला जाणाऱ्या जहाजांचे दिवे मोजत.

हे इंजिन थेट खाऱ्या पाण्यावर थंड होणारं, त्यामुळे पाण्याचा रस्ता सरळ आहे: सीकॉक (बोटीच्या तळातल्या भोकावरचा व्हॉल्व्ह), गाळणी, पंप, ब्लॉक, थर्मोस्टॅट, एल्बो आणि तिथून एक्झॉस्टबरोबर बाहेर. वाट एकच असल्यामुळे मी तपास पंपापासून पुढे सुरू केला, कारण नेहमीचे संशयित सगळे तिकडेच राहतात. पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं रबरी चाक, नवा घातला. पंपाच्या झाकणावर जुन्या इम्पेलरने गोल चर पाडले होते, ते काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केलं. पट्टा बदलून ताण नीट बसवला. थर्मोस्टॅट पातेल्यात टाकून चुलीवर तपासला. खाऱ्या पाण्याच्या इंजिनाचा थर्मोस्टॅट ४२ अंशाला उघडतो (गोड्या पाण्याच्या आवृत्तीचा ७१ ला, सुटे भाग मागवताना हे दुकानदाराला दोनदा सांगा) आणि माझा वेळेवर उघडत होता. ब्लॉक गंजू नये म्हणून त्यात बसवलेलं जस्त काढलं तर त्याचा नुसता भुगा उरला होता. नवं बसवण्याआधी सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी छोट्या पंपाने ब्लॉकमधून रात्रभर फिरवलं. निघालेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं, तळाला रवाळ साका. ज्यांना बाजारातलं फरशी धुण्याचं ॲसिड वापरायचा मोह होतो त्यांनी आवरावं. क्षार जातील, पण त्यामागोमाग धातूही जाईल.

मग एल्बो. ही लढाई मात्र मनापासून आवडली. दोन बोल्ट गंजून एकजीव झालेले. रोज येता-जाता तेल पाजलं, गॅसच्या दिव्याने शेक दिला, पाना अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे असा खेळवत राहिलो. घाई केली असती तर बोल्टचं डोकं हातात आलं असतं आणि मॅनिफोल्ड ड्रिल करायची वेळ आली असती. दोन्ही बोल्ट आख्खे निघाले. ते मी जपून ठेवलेत. आत काजळी आणि क्षार मिळून असा थर झाला होता की करंगळी जेमतेम जाईल. हाच गुन्हेगार म्हणून मी नवा एल्बो मागवला, पॅकिंग घातलं, आणि मांडव्यापर्यंत चाचणीला निघालो. चोवीसशे आरपीएमला एक्झॉस्टचा आवाज सुंदर, धूर नाही. बाराव्या मिनिटाला अलार्म.

त्या संध्याकाळी मला वाटलं, आता थेट हीट एक्स्चेंजर बसवून गोड्या पाण्यावरच जावं, म्हणजे इंजिनात गोडं पाणी फिरेल आणि खारं पाणी फक्त ते गार करेल. पैशांचं गणितही मांडून झालं होतं.

पण एक गोष्ट मोजायची राहिली होती. इम्पेलरचा पंप दर फेरीला ठरावीक पाणी ढकलतो. म्हणजे आरपीएम वाढले की मागून पडणारं पाणीही त्याच प्रमाणात वाढायला हवं. धाकट्या भावाला बादली आणि घड्याळ देऊन डिंगीत, म्हणजे छोट्या होडीत, बसवलं, डिंगी मागे एक्झॉस्टखाली बांधली. दीड हजाराला बादली किती वेळात भरते ते मोजलं, मग अडीच हजाराला. तो ओरडला, “दादा, वेळ सारखाच लागतोय!” माझ्यासाठी सगळा हंगाम त्या एका वाक्यात उलगडला. पुढे अडथळा असता तर पंपाच्या पुढच्या पाइपांवर दाब वाढला असता, एखादा सांधा तरी पाझरला असता. सगळं कोरडं होतं. पाणी पंपापर्यंतच पोचत नव्हतं.

मग एकदम सोपी चाचणी. सीकॉक बंद केला, सक्शनचा, म्हणजे पंपाकडे पाणी ओढून आणणारा, पाइप पंपावरून काढला, त्या जागी पारदर्शक पाइपाचा तुकडा लावला आणि त्याचं दुसरं टोक थेट समुद्राच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात सोडलं. टब भरत ठेवायचं काम पुन्हा भावाकडे. जागेवरच बांधून, गिअर टाकून, सव्वीसशेला अर्धा तास चालवलं. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या डब्यावर ४७, ४६, ४७. पूर्वी हाच आकडा ६० पार करून पळायचा. आणि पारदर्शक पाइपात पाणी काचेसारखं, एक बुडबुडा नाही.

उरला प्रश्न सीकॉक, गाळणी आणि त्यांच्यामधले पाइप. गाळणीत गाळ होता, पण तो मी दर खेपेला काढतोच. आपल्या खाडीत ते करावंच लागतं. सीकॉक उघडून पाहिला तर पाण्याचा लोट आत. गाळणी ते पंप हा पाइप फुंकून पाहिला, हवा आरपार. म्हणूनच तो आजवर सुटत आला होता. फुंकलं की ती सुटलेली जीभ भिंतीला चिकटते आणि रस्ता मोकळा दिसतो. उलट बाजूने ओढलं की ती आडवी येते. कमी आरपीएमला ओढ कमी, म्हणून ती अर्धवट उभी राहायची. आरपीएम वाढले, ओढ वाढली, की जीभ झाकणासारखी बसायची आणि पंपाला जेवढं पाणी मिळायचं तेवढ्यावर भागवावं लागायचं. इंजिन बंद केलं की पाइप पुन्हा निर्दोष. तपासायला गेलं की कधीच काही न दिसणारा दोष तो हाच.

पाइप बिल्जमधल्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणाऱ्या, डिझेलमिश्रित पाण्यात कैक वर्षं लोळलेला. वर टोकाशी जुबिली क्लिप (पाइप आवळायची स्क्रूवाली पट्टी) इतकी आवळलेली की रबरात खोल वळ. अस्तर बरोबर तिथूनच सुटायला सुरुवात झाली आहे.

तर ज्यांची बोट जुनी आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं: सक्शनचा पाइप बाहेरून पाहून पास करू नका. त्याचं वय माहीत नसेल तर बदला. एल्बोच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही.

नव्या पाइपाबद्दल थोडं, कारण इथे आपल्या बोटवाल्यांत मतभेद आहेत हे माहीत आहे. शेतीच्या पंपाला लावतात तो हिरवा सक्शन पाइप स्वस्त, सगळीकडे मिळतो, आणि बरेच जण तो बिनधास्त वापरतात. मला तो पाणरेषेखाली नको. इंजिनाजवळच्या उष्णतेने मऊ पडतो, त्याची आतली कड टेलवर (पाइप जिच्यावर चढतो त्या छोट्या नळीवर) नीट बसत नाही आणि क्लिप आवळली की प्लास्टिकची वेटोळी चिरडतात. गाडीचा रेडिएटर पाइप दाबासाठी चांगला, पण ओढीसाठी बनवलेला नाही. आत तारेचं वेटोळं असलेला रबरी पाइपच हवा. मुंबईच्या नागदेवी बाजारात दोन-तीन दुकानांत विचारल्यावर एकाने जाड, तारेचा, डिझेल सोसणारा पाइप काढून दिला, मीटरवर कापून. अंगठ्याने पूर्ण जोर लावला तरी दबत नाही. क्लिप मात्र नागदेवीतल्या घेऊ नका. पट्टी स्टीलची, स्क्रू साध्या लोखंडाचा, असा प्रकार असतो. चुंबक खिशात ठेवा आणि दुकानातच स्क्रूला लावून बघा. दारूखान्याच्या भंगारबाजारात जहाजांवरून निघालेल्या चांगल्या क्लिप मिळाल्या, पट्टीला दाते कापलेले नसून नुसते उठवलेले, म्हणजे रबर कापत नाहीत. दारूखान्यात वेळ हाताशी ठेवून जावं, तिथे शोधणाऱ्याला मिळतं.

नवा पाइप घालून परवा खांदेरीपर्यंत जाऊन आलो. जाताना उत्तरेचा वारा, शिडावरच. येताना मुद्दाम ओहोटी धरून, करंजाच्या तोंडात सत्तावीसशेला. आकडा ४८ च्या वर गेला नाही. एवढं शांत, एकसुरी चालणारं इंजिन ऐकत मी तासभर सुकाणूवर बसून होतो आणि दुसरं काही करावंसं वाटलं नाही.

बाकी कामांची थोडक्यात वार्ता. डावीकडची मोठी खिडकी ब्युटाइल टेप लावून पुन्हा बसवली. होज पाइपाचा मारा केला, एक थेंब आत नाही. सिलिकॉनचा जुना थर खरवडायला जेवढा वेळ गेला त्याच्या पावपटही बसवायला गेला नाही. खिडक्यांना सिलिकॉन लावणं बंद करा, त्यावर पुढे दुसरं काहीच चिकटत नाही. छताचं लोंबणारं फोमचं अस्तर पुढच्या केबिनमधून पूर्ण काढलं. कुजलेला फोम वायर ब्रशने खरवडणं हे मास्क लावूनच करायचं काम आहे. नवं अस्तर पातळ प्लायवर ताणून पट्ट्या-पट्ट्यांनी स्क्रू करणार, म्हणजे डेकच्या फिटिंगच्या नटांपर्यंत पुढे कधीही हात पोचेल.

हीट एक्स्चेंजरचा बेत आता रद्द. त्याऐवजी गाळणीच्या आधी एक टी आणि व्हॉल्व्ह टाकणार, म्हणजे मुक्कामाला आल्यावर सीकॉक बंद करून गोड्या पाण्याची बादली इंजिनाला पाजता येईल. शिवाय एक्झॉस्टच्या पाइपावर तापमानाचा एक सेन्सर. पाणी थांबलं की तो पाइप ब्लॉकच्या कितीतरी आधी तापतो.

हे सगळं पावसाळ्यात बोट वर काढल्यावर करायचं ठरवलं होतं, पण एक काम तोवर थांबणार नाही हे काल लक्षात आलं. सीकॉककडचा पाइपही काढला होता, तेव्हा सीकॉकची टेल सुरीने खरवडली. पितळ निरोगी असेल तर खरवडल्यावर पिवळं चकाकतं. माझी टेल गुलाबी निघाली, तांब्यासारखी. म्हणजे त्यातलं जस्त समुद्राने खाऊन टाकलंय आणि मागे उरलेला सांगाडा ठिसूळ आहे. व्हॉल्व्हचं अंगही त्याच धातूचं दिसतं. पाणरेषेखालच्या भोकावर असं काही असताना मेअखेरपर्यंत थांबणं मला जमणार नाही.

‘टिटवी’ सेंटॉर जातीची बोट, आणि इथे सेंटॉरचे दोन कील (तळाखालची उभी पाती) कामाला येतात. १९६९ साली बाजारात आलेल्या या बोटीचं डिझाइन लॉरंट जाइल्सच्या ऑफिसने केलं तेव्हा ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या इंग्लंडच्या खाड्या त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. मुंबईच्या मोठ्या उधाणाला चार मीटरहून जास्त पाणी चढतं-उतरतं आणि हिला तरंगायला मीटरभरही लागत नाही. क्रेन नको, पाळणा नको. भरतीला टणक वाळूवर आणून ठेवली की पाणी उतरल्यावर ती आपल्या दोन पायांवर सरळ उभी राहते. पाणी परत यायच्या आत जुना सीकॉक काढून नवा बसवायचा. सीलंट असं हवं की जे ओलं असतानाच पाण्याखाली गेलं तरी चालेल. आणि शंकूच्या आकाराचं सागवानी बूच हातोडीसकट भोकाशेजारी तयार.

वेळेचं गणित तिथीवरून केलं: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, अमावास्या पंधरावी धरून. अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटीचा तळ पहाटे पाचच्या आसपास, निम्मं काम अंधारात. तृतीयेला भरती दुपारी सव्वादोनला, तळ सकाळी आठला. पाण्याला उधाणाची ओढ अजून असते आणि उजेडही असतो. सहा ते साडेदहा एवढा अवधी धरतोय. टाइड टेबलशी पडताळून पाहिलं, पंधरा-वीस मिनिटांचाच फरक.

म्हणून येत्या शुद्ध तृतीयेला काम करायचं नक्की. आता अडलंय ते फक्त सीकॉकवर. पाऊण इंची, कांस्याचा किंवा जस्त न सोडणाऱ्या पितळाचा हवा, अंगावर डीझेडआर किंवा सीआरची खूण असलेला. बाथरूमच्या फिटिंगमधला चकचकीत बॉल व्हॉल्व्ह दाखवून ‘मरीन आहे साहेब’ म्हणणारे भरपूर भेटले, तो नको. गोव्यातल्या एखाद्या यार्डात किंवा कुणाच्या सुट्या भागांच्या पेटीत तसा पडून असेल तर तृतीयेच्या आत कळवा. घ्यायला मी स्वतः येईन.