जेसोरचं पाकीट

लिलावाला आलेल्या तिकिटांची वर्णनं लिहिणं हे माझं काम. एकदा साताऱ्याकडचे एक गृहस्थ वडिलांचा आल्बम घेऊन आले. वडील १९७१च्या युद्धात जेसोरकडे, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात होते.

पहिल्याच पानावर बांगलादेशाचा आठ तिकिटांचा संच. "देशाची पहिलीवहिली तिकिटं आहेत, साहेब. किती येतील?" मी आकडा सांगितला आणि त्यांचा चेहरा पडला. बिमान मल्लिक यांनी लंडनमध्ये चितारलेला, तिथेच छापलेला हा संच २९ जुलै १९७१ला निघाला. देश मुक्त व्हायचा होता, 'टाका' आलेला नव्हता, म्हणून किमती रुपयांत. दोन रुपयांच्या तिकिटावर तर चक्क १९७०च्या निवडणुकीचा निकाल, पूर्व पाकिस्तानातल्या १६९ पैकी १६७ जागा अवामी लीगला! तिकिटावर असा हिशेब मांडणारं सरकार मला आवडतं. पण संग्राहकांनी ती तेव्हाच ढिगांनी घेऊन ठेवली. आज कुठेही मिळतात.

खरा माल मागच्या पानांवर. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, पण पोस्टात शिल्लक होती ती पाकिस्तानी तिकिटंच. मग ठिकठिकाणच्या पोस्टमास्तरांनी रबरी शिक्के करून घेतले आणि त्यांवर 'बांगला देश' उमटवलं. गावोगावची अक्षरं वेगळी, शाईही वेगळी. यातलं काही खरोखर दुर्मीळ आहे. नक्कल करायला सोपंही हेच. रबरी शिक्का काय, कोणीही करून घेईल.

एका पाकिटावर ढाक्याची तारीख, नोव्हेंबर १९७१. पाकिस्तानी लष्कराच्या नाकाखाली असला शिक्का कोणता पोस्टमास्तर मारेल? दुसऱ्यावर भिंगातून जांभळा 'श' तारखेच्या काळ्या शिक्क्यावर चढलेला दिसला.

"म्हणजे काय?"

"आधी पत्र गेलं, मग देश स्वतंत्र झाला."

ते हसले नाहीत. पाकिटं वडिलांनी नंतर कोलकात्यात विकत घेतली होती म्हणे.

जेसोरचं मात्र वेगळं निघालं. जानेवारी १९७२ची तारीख रबरी छापाच्या वर बसलेली. छापाची शेपटी तिकिटाच्या दात्यांशी तुटलेली, पाकिटावर उतरलेली नाही. म्हणजे तिकीट चिकटवण्याआधीच, बहुधा अख्ख्या तावावर शिक्के मारलेले. हे मी तज्ज्ञांच्या दाखल्यासाठी बाजूला काढलं.

बाकीची एकत्र लावली, 'छाप मागाहून मारलेले' असं स्वच्छ लिहून. बनावट म्हणूनही जमवणारे असतात. लंडनचा संच त्यांनी परत नेला. मुलीला निवडणुकीचं तिकीट दाखवायचं होतं.