मिनी लेथची नोंद : स्पिंडलची खरखर गेली

लाकूड कातायचा सेकंडहँड मिनी लेथ घेऊन पाच महिने झाले. १० इंच स्विंग (म्हणजे मावेल तो जास्तीत जास्त व्यास), स्पिंडलला, म्हणजे काम फिरवणाऱ्या दांड्याला, १ इंच ८ टीपीआयचे (इंचाला आठ) आटे, हेडस्टॉक आणि टेलस्टॉक दोन्हीकडे एमटी-२ (मोर्स) टेपर, म्हणजे निमुळतं भोक. घेताना आटे आणि टेपर आधी बघितले, कारण लाकूड धरणारं चक, फेसप्लेट, लाइव्ह सेंटर सगळं त्यांच्यावरच बसतं. आटे आडमापाचे असले तर मशीन स्वस्तात मिळतं, पण त्याला चक शोधत फिरावं लागतं. बेल्ट काढून स्पिंडल हातानं फिरवून बघायचं मात्र राहिलं.

आंब्याचा ८ इंची वाडगा कातताना कडेला बारीक लाटा उठायला लागल्या. गाऊजला (पन्हाळीसारख्या पटाशीला) धार लावली, हत्यार टेकवायचा टूल रेस्ट अगदी जवळ घेतला, १००० आरपीएमवरून ७५०वर आलो. (इंचातला व्यास गुणिले आरपीएम ६००० ते ९०००च्या आत, हा हिशेब मी पाळतो.) लाटा तशाच. मग बेल्ट सैल करून स्पिंडल बोटांनी फिरवला, तर जात्यात खडा आल्यासारखी खरखर. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून चक वर उचलला, काटा ०.१२ मिमी सरकला. बेअरिंग गेलेली.

रविवारी हेडस्टॉक, म्हणजे स्पिंडल असलेला डोक्याचा भाग, खोलला. ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) काढला तरी पुली जागची हलेना. टॉर्च मारून बघितलं तर त्याच भोकात खाली आणखी एक स्क्रू! तुमची पुली अडली तर हातोडा उचलायच्या आधी तिथे बघा.

बेअरिंग निघाल्या ६००५, म्हणजे २५ × ४७ × १२ मिमी. जुन्या झेडझेड, पत्र्याच्या झाकणाच्या. झाकणाच्या फटीतून लाकडाची पिठासारखी धूळ आत जाऊन ग्रीसचा चिखल झाला होता. पुण्याच्या बोहरी आळीतून रबरी सीलच्या २आरएस आणल्या.

बसवताना घाई नको. स्पिंडल रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला, हेडस्टॉक हॉट एअर गननं शेकला. हाउसिंगमध्ये (हेडस्टॉकमधल्या बेअरिंगच्या खोबणीत) बसवताना जोर बाहेरच्या रिंगवरच द्यायचा, स्पिंडल घालताना आतल्या रिंगला मागून आधार द्यायचा. उलट झालं तर सगळा मार गोळ्यांवर येतो, रेसला, म्हणजे गोळ्यांच्या वाटेला, खळगे पडतात आणि नवी बेअरिंग पहिल्याच दिवशी वाजायला लागते. मी आतल्या रिंगलाच टेकेल असा पाइपचा तुकडा शोधून ठेवला होता.

आता काटा ०.०२वर थांबतो. तोच वाडगा परत चढवला आणि काठावरून अखंड, ओलसर फीत निघाली, थेट कोपरापर्यंत आली. लाटांचा मागमूस नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पुढचं काम लाखेचं. कर्नाटकातल्या चन्नपटणचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेनं रंग वितळून चढतो आणि मग केवड्याच्या पानानं चकाकी आणतात. काळ्या कुड्याचा एक ओंडका सावलीत सुकतोय, दोन्ही टोकांना मेण लावून ठेवलंय. तडा गेला नाही तर पुढच्या महिन्यात त्याचा भोवरा.