पहिली वेलांटी

मोठ्या मामांचा लॅपटॉप बिघडला की फोन येत नाही, थेट लॅपटॉपच येतो. परवा दुपारी पावसाची झड लागलेली असताना मामा बेळगावातच शहापूरहून टिळकवाडीपर्यंत आले, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला लॅपटॉप. आधी रिक्षावाल्यानं किती घेतले ते सांगून झालं. मग चहा नको म्हणाले, मग घेतला.

"बघ की गं, अक्षरं कशी करालीत ही."

गणपती मंडळाचा वार्षिक अहवाल होता, सतरा पानं. रविवारच्या सभेत वाचायचा. पहिल्याच ओळीत 'मिरवणूक' शब्दातली वेलांटी म ला सोडून अलीकडे एका ठिपक्याठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसली होती आणि म बिचारा शेजारी मोकळा उभा. निपाणी, चिकोडी, हिंडलगा, सगळ्यांची तीच गत. आमची टिळकवाडीसुद्धा. बेळगाव, खानापूर, येळ्ळूर मात्र ठणठणीत. शेवटच्या पानावर सह्यांच्या जागी 'सिचव' आणि 'खिजनदार'.

मामांना वाटलं व्हायरस. मला वाटलं फॉन्ट. मराठीत काहीही वाकडं दिसलं की फॉन्टला धरायचं ही आमच्या पिढीची खोड आहे, आणि ती उगाच लागलेली नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर अक्षरं साठवायची एकच पद्धत, घरोघरी येण्याआधी एका मशीनवर टाइप केलेली लग्नपत्रिका दुसऱ्या मशीनवर उघडली की 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी डॉलरची खूण, दोन कंस आणि रोमन अक्षरांची मिसळ निघायची. डीटीपीवाला फाइलबरोबर फॉन्टही फ्लॉपीत घालून द्यायचा. नंतर चौकोनी डब्यांचा जमाना आला. फॉन्टात ते अक्षरच नसलं की त्याच्या जागी रिकामा डबा.

म्हणून फॉन्ट बदलत सुटले. मंगल होता, निर्मला केला, कोकिळा केला, शेवटी नोटो उतरवून घेतला. ठिपके थोडे बारीक-मोठे झाले, वर्तुळ जिथल्या तिथं. इथंच उमगायला हवं होतं. पण मधेच ल आणि श हिंदी वळणाचे दिसले, आणि मी मूळ दुखणं सोडून त्यांच्या मागं लागले. हिंदी वळणाचा ल पाहिला की मला जेवताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं. इलाज नाही. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा कुठली लावली आहे त्यावरून ठरतं कुठलं दिसायचं. मामांच्या फाइलीत ती हिंदी लागलेली. मराठी केली. ल आपल्या वळणावर आला, मला जग जिंकल्यासारखं झालं आणि मामा म्हणाले, "वर्तुळ?"

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या टीचर पातेलं परत द्यायला आल्या. त्या कानडी शाळेत शिकवतात. स्क्रीनकडं बघून म्हणाल्या, "आमच्या कानडीत असं होत नाही. वेलांटी अक्षराच्या डोक्यावरच बसलेली, पळणार कुठं?" खरं होतं. मग मी त्यांचा रफार काढला. आमचा अक्षराच्या डोक्यावर चढतो, तुमचा अक्षर झाल्यावर शेजारी नवाच्या आकड्यासारखा येऊन बसतो, 'कर्नाटक' लिहितानाच बघा की. विंडोजमधला देवनागरी मंगल आणि कानडी तुंगा, दोन्ही फॉन्ट र. कृ. जोशी या एकाच माणसाच्या देखरेखीखाली झाले, हे सांगितल्यावर त्या "हौदा?" म्हणजे 'हो का?' म्हणाल्या आणि तुंगा म्हणजे आमची नदी, एवढी भर घालून चहाला थांबल्या.

शेवटी मी मामांना म्हटलं, "तुम्ही टाइप करून दाखवा बघू."

मामा खुर्चीत ताठ बसले. मनगटं उचललेली, बोटं वाकवलेली. 'निपाणी' लिहायला घेतलं आणि सगळ्यात आधी वेलांटीची कळ दाबली. मग न.

मी एकदम नऊ वर्षांची झाले. मे महिना, कोर्टाचं आवार, झाडाखाली मामांचं टेबल आणि त्यावर त्यांचा मराठी टाइपरायटर. गोदरेजनं देशातला पहिला टाइपरायटर १९५५ साली काढला, मामांचा बराच नंतरचा, तोही वापरलेला घेतलेला. आजी दुपारी डबा देऊन मला पाठवायची आणि मी तिथंच रेंगाळायची. वाटणीपत्रं, अर्ज, कबुलायती. गावाकडून आलेले लोक उकिडवे बसून चतुःसीमा सांगत, पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, आणि मामा मान वर न करता बडवत. ओळ संपत आली की टिंग. निळ्या कार्बनचे डाग मामांच्या सदऱ्याला आणि संध्याकाळपर्यंत माझ्या फ्रॉकलाही. सुट्टीत वडगावला आत्याकडं गेले की मागांची खटखट ऐकून मला वाटायचं, इथंही कुणीतरी अर्जच टाइप करतंय.

तेव्हा शाळेत आम्ही घसा ताणून म्हणायचो, क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि, क ला दुसरी वेलांटी की. आणि मामा तर वेलांटी आधी मारतात, क मागून. मी चूक काढली. मामांनी रोलर फिरवता फिरवता सांगितलं, "शाळेत म्हणायचं एक, मशीनवर मारायचं एक." बरोबरच होतं त्यांचं. टाइपरायटरला उच्चार कुठला कळायला, त्याला डावीकडून उजवीकडं अक्षरं उमटवणं तेवढं माहीत. जे डावीकडं दिसतं ते आधी.

कॉम्प्युटर नेमका शाळेच्या बाजूचा निघाला. १९९१ च्या इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणातही आणि युनिकोडमध्येही अक्षरं साठवतात ती बोलण्याच्या क्रमानं, क आधी, वेलांटी मागून. वेलांटी डावीकडं नेऊन ठेवायचं काम दाखवतानाचं. वेलांटीच्या आधी कुणीच नसलं तर कॉम्प्युटर बिचारा एक ठिपक्यांचं वर्तुळ पुढं करतो. शब्दाच्या मधे असली तर ती मागच्या अक्षराला चिकटते. सचिवाचा सिचव असा होतो. फॉन्टाचा काही दोष नव्हता, मी उगाच तीन-चार फॉन्टांना कोर्टात उभं केलं.

(ही वेलांटी 'पहिली' म्हणूनच लिहितेय हे लक्षात आलं असेल. तिचं व्याकरणातलं नाव लिहायला गेलं की र ला नीट अर्धा करावा लागतो, नाहीतर तो रफार होऊन ह च्या डोक्यावर बसतो. एका लेखात एक भांडण पुरे.)

टाइपरायटरच्या क्रमानं मारलं तरी वेलांटी जागेवर नेणारे कीबोर्ड मिळतात. तो बसवून देते म्हटलं, तर मामा म्हणाले, "नको, मीच शिकतो की." आणि खरंच शिकत होते. नवव्या पानापासून मधे मधे बरोबर वेलांट्या सापडायला लागल्या, त्यामुळं सगळ्या एका दमात सरकवायची सोय उरली नाही. एकेक शब्द हातानं दुरुस्त केला. मामा शेजारी बसून वाचून दाखवत होते. वर्गणी, मांडव, विजेचं बिल. सोळाव्या पानावर वर्षभरात गेलेल्या सभासदांची नावं होती, अकरा. तिथं ते वाचायचे थांबले. त्या पानावर एकही वेलांटी चुकलेली नव्हती. मी तसं म्हटल्यावर म्हणाले, "ते सावकाश मारलं होतं."

पाऊस थांबल्यावर मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून आले. पिशव्या पुन्हा दोन.

रविवारी रात्री मामांचा मेल आला. एकच ओळ. 'अहवाल झाला. सिचव खूश आहेत.'